अर्धं स्तोत्र

सूर्यमाळच्या पलीकडे डोंगराच्या उतारावर चैतीचा पाडा आहे. होळी होऊन गेली की तिथली विहीर तळाला जाते. मग बायका खाली ओहोळात खड्डा खणतात. त्याला झिरा म्हणतात. त्यात पाणी झिरपत राहतं आणि वाटीवाटीनं हंडा भरावा लागतो. एकीचा हंडा भरेपर्यंत बाकीच्यांनी दगडावर बसून राहायचं. या बसण्यातच चैतीनं सगळी स्तोत्रं ऐकली.

वाचणारी नीता. ती जामसरहून लग्न होऊन पाड्यावर आलेली, आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली. तिचा नवरा विनोद खोडाळ्याच्या रस्त्यावर जीप चालवतो. झिऱ्यावर येताना ती बायबल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणायची. आपली पाळी येईपर्यंत चार ओळी वाचायची आणि म्हणायची, "आता तू सांग, चैतीबाय."

चैतीला अक्षर येत नाही. पण ऐकलेलं ती आपल्या घरच्या बोलीत असं सांगायची की इतर बायका वाट्या हातात तशाच धरून बसायच्या. देव कातळ आहे असं नीतानं वाचलं की चैती म्हणायची, "कातळ म्हणजे आपला तो वरचा, वरई वाळवतो तो. पावसात बांध फुटतो, घराची भिंत बसते. तो कातळ कधी हललेला पाहिलाय का कुणी?" मेंढरं राखणाऱ्या देवाचं वाचलं की ती म्हणायची, "आपल्याकडं मेंढरं नाय, शेळ्या आहेत. शेळीला हाकलावं लागत नाय, तिला राखणाऱ्याची हाक ओळखू आली म्हणजे झालं." मग ती गायची. लग्नातल्या गाण्यांच्या चालीवर तिनं कितीतरी वचनं बसवली होती. त्यात एक सगळ्यांच्या आवडीचं होतं. मी तुझ्या मायेवर भरवसा टाकला, तू माझं भलं केलंस, मी तुझं गाणं गाईन, असा त्याचा अर्थ. रविवारी विनोदच्या अंगणातल्या मांडवाखाली प्रार्थना व्हायची. तिथं हे गाणं चैतीनं उचललं की मागच्या बायका आपोआप सूर धरायच्या.

या वाटेवर तिला नीतानंच आणलं होतं. चैतीचा मुलगा दोन वर्षांचा होऊन तापात गेला, तेव्हा ती चुलीपाशी बसून राहिली होती. खाणं नाही, बोलणं नाही. पाड्यावरच्या बायका येऊन रडून गेल्या. नीता मात्र येऊन नुसती शेजारी बसायची. भाकरी थापायची, मोठ्या मुलीची, हर्षदाची वेणी घालायची, आणि जाताना चार ओळी वाचून दाखवायची. एक दिवस चैती उठली आणि हंडा घेऊन तिच्या मागून झिऱ्यावर गेली. तेव्हापासून नीताच्या आवाजाशिवाय तिची सकाळ झाली नाही. पुढं तिचा नवरा पुंजाही मांडवाखाली येऊन बसू लागला. तो कमी बोलणारा माणूस. प्रार्थनेत त्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता, पण मांडवाची गळकी बाजू दरवर्षी तोच शाकारायचा.

हर्षदा आता साखरशेतला नांदते. गेल्या उन्हाळ्यात ती आपल्या लहान मुलीला घेऊन माहेरी आली होती. एका दुपारी पोरीला ताप चढला. बघता बघता तिचे हातपाय ताठ झाले, डोळे वर गेले. विनोदची जीप बाजाराला गेलेली. फोनला डोंगराच्या एका टोकावरच रेंज मिळते, तिथं पुंजा धावत जाऊन फोन करून आला. जीप यायला वेळ लागणार होता. तेवढ्यात पुंजाचा थोरला भाऊ वामन आला. तो बापजाद्यांचे देव मानणारा. त्यानं पोरीकडं पाहिलं आणि म्हणाला, "जीप येईपर्यंत बसून राहणार का? भगताला बोलावतो."

पुंजानं चैतीकडं पाहिलं. चैती काही बोलली नाही.

भगत आला. त्यानं सुपात तांदूळ टाकून पाहिले, पोरीवरून काही उतरवलं, कोंबडी मागितली. वामननं स्वतःच्या घरची आणून दिली. थोड्या वेळानं जीप आली आणि पोरीला मोखाड्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सुई दिली, सलाईन लावलं, दोन दिवस ठेवून घेतलं. पोर बरी झाली.

घरी आल्यावर वामन म्हणाला, भगतानं वाचवलं. हर्षदा म्हणाली, डॉक्टरनं. चैतीच्या मनात मात्र एकच गोष्ट घोळत होती. त्या घडीला आपल्या तोंडातून देवाचं नाव निघालं नव्हतं. रोज सकाळी कातळाच्या गोष्टी सांगणारी मी, आणि मीच डगमगले.

तिनं ते देवाला सांगितलं. मग झिऱ्यावर, बाकीच्या बायका जाईपर्यंत थांबून, नीतालाही सांगितलं. भगताचं, कोंबडीचं, आपल्या गप्प राहण्याचं, सगळं.

नीतानं तिचा हात धरला. "मनात ठेवू नको. आपण दोघी प्रार्थना करू."

चैतीला हलकं वाटलं. त्या दिवशी तिनं हंडा डोक्यावर घेतला आणि चढावर गाणं म्हणत गेली.

पुढच्या रविवारी जव्हारहून पास्टर आले होते. पावसाळ्यानंतर जव्हारला बायकांचा मेळावा व्हायचा होता आणि तिथं गाणं उचलायला चैतीताईंनी यावं, असं त्यांनी मागच्याच खेपेला सांगितलं होतं. गाणी झाली, वचन झालं. मग पास्टरांनी नीताला मध्यस्थीची प्रार्थना करायला सांगितलं. सगळ्यांनी डोळे मिटले.

नीतानं पावसासाठी मागितलं, वीटभट्टीवर गेलेल्या माणसांसाठी मागितलं. मग तिचा आवाज जड झाला.

"प्रभू, आमची बहीण चैती तुझ्यापुढं आहे. तिच्या घरात भगत आला, कोंबडी कापली गेली. ती उभी राहून बघत राहिली, प्रभू. पुंजाभाऊंनी ते होऊ दिलं. त्यांना क्षमा कर. त्यांचा विश्वास लटका होऊ देऊ नको."

चैतीनं डोळे उघडले. बाकी सगळ्यांचे मिटलेले होते. प्रार्थना चालू असताना मध्ये कसं बोलणार? नीताच्या गालावरून पाणी ओघळत होतं. पलीकडं पुरुषांच्या बाजूला पुंजा बसला होता. त्याचेही डोळे उघडे होते आणि तो नीताकडं नाही, चैतीकडं बघत होता.

"आमेन," सगळे म्हणाले. पुंजा उठला आणि चपला हातात घेऊन निघून गेला.

पास्टर वाईट माणूस नव्हते. त्यांनी चैतीला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं, "चैतीताई, थोडे दिवस गाणं दुसऱ्या कुणाला उचलू द्या. मेळाव्याचंही नंतर पाहू. आधी मन स्थिर करा."

घरी पुंजा ओट्यावर बसला होता. "तू सांगितलंस तिला?"

"प्रार्थनेसाठी सांगितलं."

"आपल्या घरातलं होतं ते."

एवढंच बोलला. पण त्यानंतर तो मांडवाकडं फिरकला नाही. दोन दिवसांनी वामननंही दारातून सुनावलं, "माझी कोंबडी गेली, ती पोरीसाठी. तुमच्या प्रार्थनेत तिची चर्चा कशाला?" त्याचं बोलणं चैतीला खोटं वाटलं नाही. पोरीसाठी तोही पळाला होता. हर्षदा तर आधीच सासरी निघून गेली होती. तिच्याही कानावर हे साखरशेतला गेलंच. पाड्यावरची गोष्ट पाड्यावर राहत नाही.

चैती झिऱ्यावर वेळ बदलून जाऊ लागली. बायका उठायच्या आत जायची आणि एकटीच वाटी बुडवत बसायची. तिथं बसून वचन आठवायला जायची, तर नीताचाच आवाज यायचा. कातळ म्हटलं की नीताचा आवाज, राखणारा म्हटलं की नीताचा. तिला येत होतं ते सगळं नीताच्या तोंडून आलेलं होतं. देवाचे शब्द वेगळे काढावेत आणि आवाज टाकून द्यावा, असं करून पाहिलं, ते जमेना. शेजारच्या पंकजनं तिच्या फोनवर बायबलचं वाचन भरून दिलं. त्यात शहरातला कुणी पुरुष घाईघाईनं वाचायचा. तो कुणाशी बोलतोय हेच तिला कळायचं नाही. तिनं ते बंद केलं. बरेच दिवस ती प्रार्थनेशिवायच राहिली. रविवारी दार लावून नाचणीच्या रोपांत काम करायची आणि खालून गाण्याचा आवाज आला की जोरजोरानं खुरपं चालवायची.

भाताची आवणी उरकल्यावर हर्षदा भेटायला आली. पोर आता ठणठणीत, ओट्यावरून उड्या मारत होती. आई गात नाही हे हर्षदाच्या लगेच लक्षात आलं. तिनं आपल्या सामानातून बायबल काढलं.

"मी वाचते. तुझं आवडतं कुठलं? मायेवर भरवसा टाकला, ते ना?"

"ते नको."

"का? तेच वाचते." तिनं पानं चाळून ते शोधलं आणि सुरुवातीपासून वाचायला लागली.

चैतीनं तिला थांबवलं. "हे ते नाय. दुसरंच काढलंस."

"हेच आहे, आई. तुझं गाणं शेवटी येतं. आधी हे आहे."

"पहिल्यापासून वाच. हळू."

हर्षदानं वाचलं. कुणी माणूस देवाला विचारत होता, अजून किती दिवस तू मला विसरून राहणार? किती दिवस तोंड लपवणार? किती दिवस मी दुःख उरात घेऊन फिरू आणि माझ्यावर उठलेला माणूस वर मान करून चालणार? तो देवाला म्हणत होता, माझ्याकडं बघ, उत्तर दे, नाहीतर मी मरून जाईन. आणि हे सगळं बोलून झाल्यावर मग भरवसा आणि गाणं.

चैतीनं तो भाग परत ऐकला. मग म्हणाली, "हे मला कुणी वाचूनच दाखवलं नाय."

तिनं हर्षदाला आणखी वाचायला लावलं. जी जी स्तोत्रं तिला पाठ होती, ती सगळी. कितीतरी ठिकाणी तेच. एकात तर एक जण रडून सांगत होता की शत्रूनं केलं असतं तर सोसलं असतं, पण ही माझी जिवाभावाची व्यक्ती, जिच्यासोबत मी देवाच्या घरी जात होतो. हे ऐकताना चैतीनं तोंडावर पदर घेतला.

दुसऱ्या दिवशी ती नीताच्या दारात गेली. नीता तांदूळ निवडत होती. चैतीला पाहून तिचे हात थांबले.

"बस, चैतीबाय."

चैती उभीच राहिली. "अर्धं का वाचत होतीस?"

नीताला आधी कळलं नाही. चैतीनं स्तोत्र सांगितल्यावर तिनं मान खाली घातली. "तुझा मुलगा गेला होता तेव्हा. देव विसरला म्हणून वाचून दाखवलं असतं तर तू उठलीच नसतीस, असं वाटलं. मग तीच सवय पडली. सकाळच्या पारी रडगाणं कशाला."

"मला तेव्हाच ते हवं होतं."

नीतानं तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"आणि त्या दिवशी मांडवात? देवाला मी सांगितलं होतं. तुला सांगितलं ते तुझ्यापाशी राहावं म्हणून."

"मी प्रार्थनाच केली, बाय. वाईट हेतू नव्हता."

"खरं सांग."

नीता सुपातले तांदूळ बोटांनी सरकवत राहिली. मग तिचा आवाज बारीक झाला. "वाचायचं मी. रोज पुस्तक घेऊन मी यायचं. आणि जव्हारला बोलावलं तुला. पास्टरनं मला एका शब्दानं विचारलं नाय. प्रार्थना करायला उभी राहिले तेव्हा सांगायचं असं ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं, मग थांबवलं नाय."

चैतीला वाटलं होतं, खरं कळलं की राग तरी मोकळा होईल. तसं झालं नाही. उलट आता तिला नीताचं दुखणंही कळत होतं आणि राग तिथंच होता. ती परत आली.

त्या दिवसापासून ती पुन्हा प्रार्थना करू लागली. झिऱ्यावर नाही, पावसानं विहीर भरली होती. घराच्या मागच्या बाजूला वरईच्या कातळावर बसून. हर्षदानं वाचलेला पहिला भाग तिनं पाठ केला होता. तोच ती म्हणायची, रोज. किती दिवस, देवा. त्याला तिनं चाल लावली, लग्नातली नाही, मयताच्या वेळी बायका काढतात तसल्या हेलाची. त्यात नीताचा आवाज नव्हता. देवाशी ती पहिल्यांदाच कुणाच्या मध्यस्थीशिवाय बोलत होती आणि जे बोलत होती ते भांडण होतं. ते त्यानं ऐकावं म्हणून पुस्तकातच लिहून ठेवलंय, याचा तिला मोठा आधार वाटत होता.

भात कापणीच्या सुमाराला ती मांडवात गेली. मागच्या रांगेत बसली. पास्टर आले होते. त्यांनी तिला पाहिलं, त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसला. गाण्याची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, "आज चैतीताईंनी आपलं गाणं उचलावं."

"गाते. पण पहिल्यापासून गाईन."

"गा की."

चैती उभी राहिली. तिनं रडणारा भाग उचलला. बायकांना तो माहीत नव्हता, कुणाला सूर धरता येईना. ती एकटीच गात राहिली. माझ्यावर उठलेला माणूस वर मान करून चालतो, ही ओळ आली तेव्हा पुढच्या रांगेत नीताची मान खाली गेली. पुढचं सगळ्यांना येत होतं. भरवशाची ओळ आता येणार म्हणून बायका तयार झाल्या, कुणी टाळीसाठी हातही उचलले.

चैती थांबली. "पुढचं मला आज येत नाय," ती म्हणाली आणि खाली बसली.

कुणी ती ओळ उचलली नाही. मग पास्टरांनी घसा साफ करून वचन काढलं.

संपल्यावर ती बाहेर आली तर रस्त्याच्या कडेला पुंजा उभा होता. आत आला नव्हता. दोघं चढ चढू लागले.

"ऐकलं मी," तो म्हणाला. "पुढचं का सोडलंस?"

"खोटं झालं असतं."

पुंजानं मान हलवली. पुढं चालता चालता त्यानं विचारलं, "पहिला भाग मला शिकवशील?"