ताईच्या आजाराचा हेवा

ताईला मंत्रचळ आहे असं नागपुरातल्या धंतोलीच्या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा मला तिचा हेवा वाटला. मी सतरा वर्षांची होते, ताई एकवीसची. आई ते नाव घेऊन घरी आली आणि शेजारच्या काकूंना, भिवापूरच्या मामांना, फोनवर दोन्ही मावश्यांना तिने ते सांगितलं. चेहरा रडवेला होता, पण आवाजात सुटकाही होती. नऊ महिने आम्ही ज्याला ‘ताईचं ते’ म्हणत होतो, त्याला आता नाव होतं.

ताई इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या बारावीच्या निकालाचे पेढे आमच्या सक्करदऱ्याच्या गल्लीत घरोघरी गेले होते. माझ्या दहावीच्या निकालाला आईने शिरा केला, तो आम्ही चौघांनीच खाल्ला. मग ताईचं हात धुणं सुरू झालं. आधी पाच-दहा मिनिटं, मग तासभर. साबणाची वडी दोन दिवसांत संपायची. बोटांच्या बेचक्यांत कातडी फाटायची, तरी ती नळ बंद करायची नाही. बाबा ऑफिसातून येऊन बाथरूमचं दार ठोकत राहायचे. मामीने गावाहून येऊन नजर उतरवली. काही उपयोग झाला नाही.

खरं सांगते, ते सगळं सुरू झालं तेव्हा माझ्या मनात आलं होतं की आता आपला नंबर लागेल. ताई खाली आली की आपण वर जाऊ. झालं उलटंच. ताईला वेगळा टॉवेल मिळाला, वेगळी बादली मिळाली, शेवटी आमची दोघींची खोली तिला एकटीला मिळाली आणि मी हॉलमधल्या दिवाणावर आले. दर गुरुवारी आई तिला ऑटोने धंतोलीला न्यायची. जाताना-येताना दोघी बोलायच्या. काय बोलत असतील, या विचाराने मी घरी बसून चडफडायचे. परत येताना आई माझ्यासाठी कागदात बांधलेली कचोरी आणायची. ती थंड झालेली असायची.

बी.ए.ला मी मानसशास्त्र घेतलं ते या रागातून. घरी सांगितलं, आवड आहे म्हणून. दुसऱ्या वर्षी मनोविकारांचं प्रकरण आलं. शिकवणाऱ्या बाई फळ्याकडे न वळता बोलायच्या. पहिल्या तासाला त्या म्हणाल्या, “उदास वाटणं म्हणजे नैराश्याचा विकार नाही. घाबरणं म्हणजे चिंताविकार नाही. आधी तीन गोष्टी विचारायच्या. त्रास किती होतो? रोजच्या जगण्यात काय अडतं? आणि किती दिवसांपासून? या तिन्हींची उत्तरं मिळाली की मग खण शोधायचा.”

खण म्हणजे वर्ग. चिंतेचे विकार एका खणात, मनःस्थितीचे दुसऱ्यात, छिन्नमनस्कता आणि तिच्या जवळचे तिसऱ्यात, असे पुष्कळ. बाईंचं म्हणणं, नाव आपण माणसाला देत नाही, त्याच्या त्रासाला देतो. एक डॉक्टर नागपुरात आणि दुसरा अकोल्यात बसला असला, तरी दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतायत हे कळावं म्हणून देतो. “शिवाय हे खण कायमचे नसतात,” त्या म्हणाल्या. “तुमच्यातल्या ज्यांच्याकडे जुनी पुस्तकं आहेत त्यांनी दुरुस्त करा. मंत्रचळ तुमच्याकडे चिंताविकारांत छापलाय. आता त्याचा स्वतंत्र गट केलाय.”

माझं पुस्तक जुनंच होतं. पेन्सिलीने मी समासात ‘स्वतंत्र गट’ असं लिहिलं आणि डोक्यात तिडीक गेली. म्हणजे इथेही तिला वेगळी खोली!

त्या वर्षी वर्गातल्या निम्म्या मुलींना निम्मे आजार झाले. जे प्रकरण वाचावं ते आपलंच वाटायचं. बाई हसून म्हणाल्या की दरवर्षी असंच होतं, परीक्षा झाली की बऱ्या होतात. बाकीच्या हसल्या. मी मात्र घरी येऊन पुस्तक पुन्हा उघडलं आणि साडीच्या दुकानात बसावं तसा एकेक आजार उलगडून पाहिला. नैराश्य नको, त्यात जेवण सोडावं लागेल. भ्रमाचं सोंग जमणार नाही. शेवटी मी अचानक येणारे भीतीचे झटके निवडले. धडधड, घाम, थरथर, गुदमरणं, आता मरतो असं वाटणं. सगळं दहा-पंधरा मिनिटांत आटोपणारं.

पहिला झटका मी उन्हाळ्यात, दुपारी आणला. मामांनी पाठवलेल्या भिवापुरी मिरच्या आई गच्चीवर उलट्यापालट्या करत होती. मी तिच्याजवळ जाऊन छातीवर हात ठेवला, धापा टाकल्या, खाली बसले.

“काय झालं वं?” आई म्हणाली.

“श्वास… श्वास नाही घेता येऊन राहिला.”

“ठसका लागला असन. मिरचीजवळ काहून येतं? जा, गूळ खा अन् पाणी पे.”

ती पुन्हा मिरच्यांकडे वळली. मी तशीच बसून राहिले. काही वेळाने उठून खाली आले आणि गूळ खाल्ला.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांत मी आणखी तीन झटके आणले. बाबांनी ॲसिडिटीची गोळी दिली. पण याच सुमारास डॉक्टरीणबाईंनी सगळ्या घराला बोलावलं. गोळ्यांनी ताईला थोडा उतार होता, आता पुढचे उपचार घरी करायचे होते. प्रत्येकाशी त्या वेगळं बोलणार होत्या. दोन वर्षांत मी पहिल्यांदाच त्या दाराच्या आत जात होते.

खोली लहान होती. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या बाई. त्यांनी ताईबद्दल विचारायच्या आत मी माझे झटके सांगायला सुरुवात केली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

“कितव्या वर्षाला आहेस?”

“बी.ए. दुसरं. मानसशास्त्र.”

“तरीच. यादी अगदी बरोबर आहे, क्रमसुद्धा पुस्तकातलाच.” त्या हसल्या नाहीत. “आता सांग, या झटक्यांमुळे तुझं काय अडलं? कॉलेज बुडलं? कुठे जायची भीती वाटायला लागली?”

मी विचार केला. काहीच अडलं नव्हतं. त्याच आठवड्यात मी मैत्रिणींबरोबर तर्री-पोहे खाऊन आले होते.

“नाही,” मी म्हटलं. मग एकदम तोंडातून गेलं, “ताईसोबत आई इथे येते. माझ्यासोबत कुठेच येत नाही.” आणि मी रडायला लागले. ते रडणं पुस्तकातलं नव्हतं.

त्यांनी पाणी दिलं. मी नाक पुसत विचारलं, “हेव्याला कुठला खण आहे?”

“आजारांत नाही. पण वर्गीकरणाच्या शेवटी एक भाग असतो. आजार नसतात, पण माणूस ज्यासाठी दवाखान्याची पायरी चढतो अशा गोष्टी तिथे असतात. नवरा-बायकोची भांडणं, नोकरी जाणं, भावंडांमधली तेढ. तू तिथे बसशील.”

“त्याला औषध?”

“नाही. काम देते तुला.” त्या पुढे वाकल्या. “ताईने मळकी वाटणारी वस्तू हातात घ्यायची आणि पाऊण तास हात धुवायचे नाहीत. भीती वाढते, मग आपोआप उतरते. हे तिला स्वतः अनुभवू द्यायचं. जवळ एक माणूस हवं, जे ‘काही होत नाही, हात स्वच्छच आहेत’ असं म्हणत बसणार नाही. तुझ्या आईला ते जमायचं नाही, तिला दया येते. तुला येते?”

“फारशी नाही,” मी खरं ते सांगितलं.

“मग तूच.”

पहिल्या दिवशी ताईने माझी बाहेरची चप्पल हातात घेतली, खाली ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बसली. मी समोर घड्याळ ठेवलं. पाच मिनिटांत तिचे ओठ पांढरे पडले.

“धुवू दे ना वं. एकदाच.”

“नाही.”

“काही होणार नाही ना? सांग ना.”

“मले नाही माहीत.”

असंच म्हणायला मला शिकवलं होतं. ते म्हणताना मला जे सुख झालं, ते मात्र माझं स्वतःचं होतं. जन्मात पहिल्यांदा ताई मागत होती आणि मी नाही म्हणत होते. पाऊण तासाने तिचा श्वास खरंच सावकाश झाला. मी वहीत वेळ लिहिली.

चौथ्या का पाचव्या दिवशी, वेळ संपत आली असताना ती म्हणाली, “तू कॉलेजातून येते अन् तशीच धपकन दिवाणावर पडते. बसच्या दांड्याला धरलेले हात, तेच उशीखाली. मी खोलीच्या दारातून पाहते. मले इतका राग येते तुझा. वाटते, हिलेच कसं काही नाही होत?”

पुस्तकाप्रमाणे अशा वेळी करुणा वाटायला हवी. मला आधी आनंद झाला. माझा कोणी हेवा करू शकतं, ही बातमीच होती. मी ती दोन दिवस मनात घोळवली. तिसऱ्या दिवशी ताईच्या हातांकडे नीट पाहिलं. गेल्या दोन-तीन वर्षांत पाहिलं नव्हतं, इतक्या जवळून तर नाहीच. पोरीच्या हातांवर म्हातारीची कातडी होती. त्या दिवशी घड्याळ सरकत नाही असं मलाही वाटलं.

आठ महिने आम्ही रोज बसलो. ताई पूर्ण बरी झाली असं म्हणता येणार नाही, पण आजारात राहिलेलं शेवटचं वर्ष तिने पूर्ण केलं आणि ती पुण्याला नोकरीला लागली. ताण आला की ‘ते’ अजून थोडं डोकं वर काढतं, मग ती स्वतःच गोळ्या आणि सराव सांभाळते. मी एम.ए. करून इथल्याच एका शाळेत समुपदेशक झाले. आई-बाबांजवळ मीच असते.

गेल्या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दोन महिने तिला उठवणं-बसवणं मी केलं. ताई आठ दिवसांची सुट्टी काढून आली. भेटायला आलेल्या काकूंना आई सांगत होती, “माही पोरगी आली ना पुण्याहून, आता मले काय चिंता!” मी तिच्या पायाशी बसून पट्टी बांधत होते. काकू गेल्या, ताई औषधं आणायला खाली गेली, आणि माझ्याने राहवलं नाही.

“आई, मले ताईचा हेवा वाटते. अजूनही.”

आईने माझ्याकडे पाहिलं. “मले का माहीत नाही? तिची पाचवी पुजली तवापासून ते आजपर्यंत साऱ्यायले तिचंच कौतुक. तू पोटात होती तवाच मले भेव वाटे, हिचं कसं होईन म्हणून.”

“मग कधी बोलली काहून नाही?”

“तू कुठं विचारलं,” ती म्हणाली. “पट्टी ढिली कर थोडी. लय आवळली तुनं.”

मी पट्टी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.