टीव्हीतल्या रानातली येळवस

अंबाजोगाईत मी व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं तेव्हा पोरं यायची ती मारामारी खेळायला. शेतीचा गेम खेळणारा एकटा एक शिंपी होता. त्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. गळ्यात टेप, सदऱ्यावर दोऱ्याचे तुकडे. टीव्हीतल्या रानात शिरायच्या आधी तो चपला काढायचा आणि सुईत दोरा ओवावा तितक्या हळूच बटण दाबून कोबीला पाणी घालायचा. पोरं हसली की म्हणायचा, "हसा बे, पीक लई जोरात हाय."

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आमच्याकडं ज्याला रान आहे तो बाकीच्यांना रानात जेवायला नेतो. त्या दिवशी दुकान ओस पडलं होतं. दुपारी शिंपी भज्जीचा, म्हणजे येळवशीच्या शेंगा-पालेभाज्यांच्या कालवणाचा डबा आणि आंबिलीची चरवी घेऊन आला. गेम लावला, पण टीव्हीतल्या माणसाला नुसतंच बांधावर उभं केलं. "आज काम न्हाई," म्हणाला. मग येळवशीला पिकावर शिंपडतात तशी लिंबाची डहाळी बुडवून टीव्हीवर आंबील शिंपडायला निघाला, तसा मी ओरडलो, "अहो, शॉक बसेल!"

त्यानं जमिनीवर शिंपडली.

"जलमभर लोकाच्या रानात जेवलो," भज्जी वाढत तो म्हणाला. "औंदा तुमी माझ्या रानात जेवा."

"पण हे रान खोटं आहे हो."

"भज्जी खरी हाय का न्हाई?"

खरी होती, तिखटही होती. पोटभर जेवलो, हात धुतले, "येतो, मालक" म्हणालो आणि निघालो. रस्त्यावर आल्यावर आठवलं, दुकान माझंच होतं.