भूकंपाच्या आधीचा का नंतरचा?

आज औशाजवळच्या जुन्या तळ्यात पाइप ठोकून गाळ वर काढला. मी लातूरला भूगर्भशास्त्र शिकवते. पाइप उभा चिरला, तर काळ्या थरांच्या मधे बोटभर पांढरट पट्टा निघाला, पाणी आटताना साचलेल्या चुन्याचा. म्हणजे हजारो वर्षांपूर्वी दुष्काळात हे तळं पार आटलं होतं.

शेजारच्या शेतातल्या मामी बघायला आल्या. मी पट्टा दाखवून दुष्काळाचं सांगितलं, तर म्हणाल्या, "हा दुष्काळ भूकंपाच्या आधीचा का नंतरचा?"

ट्यूशनसाठी इस्लापूरहून माझ्याकडं राहायला आलेली चुलतबहिणीची मुलगी फिस्कन हसली. मला नाही हसू आलं. आमच्या घरात भूकंपात गेलेली ताई 'आधीची' आणि त्यानंतर जन्मलेली मी 'नंतरची'.

"आधीचा, मामी. लई आधीचा."

तळं आटलेलं पाहिलेली माणसंही पुढं असंच मोजत असतील.

तुमच्या घरी कशापासून मोजतात?