जाळीला लागून राहिलेली बटणं

सरांना मी शेवटचं भेटले तेव्हा ते नर्सशी भांडत होते. तिनं रक्ताची नळी जरा जोरात हलवली होती, एवढंच. "अवं बाई, हळू. आतमधी पेशी आहेत, बोरं नाहीत," असं तिला अंथरुणावरून ऐकवून झाल्यावर ते माझ्याकडे वळले. "सुनंदा, माह्या पेशी पाहून ये बरं. नॉर्मल आहेत म्हणते हा डॉक्टर, पण आजकालच्या पोरायचं काही खरं नाही." मी खाली जाऊन सूक्ष्मदर्शकात पाहून आले. गोल, मधे खोलगट, अगदी पुस्तकातल्यासारख्या होत्या. तसं सांगितलं तर म्हणाले, "मंग मी काहून बिमार आहो?" त्याच आठवड्यात ते गेले. दगा हृदयानं दिला, रक्तानं नाही, हे कळलं असतं तर सरांना बरं वाटलं असतं. मला मात्र अजून काही बरं वाटत नाही.

डॉ. गजभिये म्हणजे आमच्या मेडिकल कॉलेजातले जीवरसायनाचे प्राध्यापक आणि माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक. मूळचे उमरेडचे. वडील हातमागावर लुगडी विणायचे, आणि पोराला मागावर बसवायचा प्रयत्न त्यांनी लवकरच सोडला होता. "याच्या हाती धागा दिला का त्याची गाठ होते," असं ते म्हातारे माझ्यासमोरच सांगायचे. सर हसायचे. म्हणायचे, "म्हणूनच तर शिकलो ना बाबा, दुसरं जमत काय होतं." वर्गात मात्र हा माणूस रंगायचा. मुलं पेंगायला लागली की खडू ठेवून उमरेडच्या एस.टी.तली गर्दी सांगायचे, आणि त्या गर्दीतून नेमके पेशीत शिरायचे. तास संपल्याचं कोणाला कळत नसे.

त्यांचं सगळं वेड एका प्रश्नाचं होतं. तो तुम्हालाही सांगते, घाबरू नका. रक्तातल्या तांबड्या पेशीला स्निग्धाची, म्हणजे चरबीची, पातळ कातडी असते. त्या कातडीत प्रथिनांची दारं असतात, त्यांतून क्षार आत-बाहेर करतात. आणि कातडीच्या आतून एक बारीक जाळी असते, तिच्यामुळे पेशीचा आकार टिकतो. आता प्रश्न असा, की ही दारं त्या स्निग्धात मोकळी तरंगतात, की जाळीला बांधलेली असतात? आमचे विभागप्रमुख, ज्यांना आम्ही मोठे सर म्हणायचो, ते म्हणत, "रायत्यात बुंदी तरंगते तशी तरंगतात. विषय संपला." गजभिये सर म्हणत, काही तरंगत असतील, पण काही बांधलेली आहेत. "आपल्याकडे घरोघरी सिकलसेलची बिमारी आहे. पेशी वाकडी होते तवा जाळी वाकडी होते. दार जाळीले बांधलं असन तर त्याचं काय होत असन, हे पाहाले नको?" मोठे सर यावर पंख्याकडे पाहत.

हा प्रश्न मी माझ्या संशोधनाला घेतला, आणि तिथं माझी गाडी अडली. विद्यापीठाच्या कमिटीनं विषय परत पाठवला. दुसऱ्यांदाही पाठवला. तिसऱ्या वेळी माझ्या बाबांनी घरी जाहीर करून टाकलं, की आता नामंजूर झालं तर संशोधन पुरे, भंडाऱ्याचं स्थळ बघायचं. स्थळाचं काही वाईट नव्हतं. मुलगा बँकेत होता, पानही खात नव्हता. पण मला प्रयोगशाळा सोडायची नव्हती. हे मी रडत रडत सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अवं, रडून काय राहिली? त्यायले शब्द समजत नाहीत. आपण दाखवू."

दाखवायचं ते असं ठरलं. पिठाच्या चाळणीची तार काढून तिच्या कड्यावर मच्छरदाणीचं कापड ताणायचं. ही पेशीची जाळी. तिच्यावर वनस्पती तुपाचा थर. ही कातडी. त्यात शर्टाची बटणं बसवायची. ही दारं. पांढरी बटणं खालच्या जाळीला दोऱ्यानं शिवायची, काळी नुसती तुपात दाबायची. मग कडं तिरपं धरून वरून साबणाचं गरम पाणी ओतायचं. तूप वाहून जाईल, काळी घसरून पडतील, पांढरी जाळीला राहतील. खऱ्या पेशींवर आम्ही हेच करणार होतो. साबणासारखं द्रव्य घालून स्निग्ध विरघळवायचं आणि जाळीसोबत काय उरतं ते बघायचं. कापड आणायला सर स्वतः गांधीबागच्या कापडबाजारात गेले आणि हातभर कापडासाठी दुकानदाराला पेशीची सगळी रचना समजावून आले. पांढरी बटणं शिवायलाही स्वतःच बसले. मी म्हटलं, सर, काकूंना द्या. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी लीला, गल्लीभराचे ब्लाऊज शिवायच्या. "नाही, माहा प्रयोग आहे," म्हणाले.

महिना मेचा होता. नागपूरच्या मेमध्ये तूप थर धरून कुठलं बसतंय... म्हणून कडं आदल्या संध्याकाळी सरांच्या घरच्या फ्रीजमध्ये ठेवलं. सकाळी ते बर्फाच्या डब्यात घालून सर कॉलेजात आले.

कमिटीत मोठे सर होते, आणि पुण्याहून आलेल्या एक परीक्षक बाई. पांढरी साडी, बोलणं मोजकं, आणि उन्हानं आधीच वैतागलेल्या. सरांनी छान समजावलं. पांढरी बांधलेली, काळी मोकळी, हे दोनदा सांगितलं. मी किटलीतून पाणी ओतलं. तूप वाहून गेलं. पांढरी बटणं एकामागून एक घरंगळत टेबलावरून परीक्षक बाईंच्या पायाशी गेली. काळं एकही हललं नाही.

माझ्या हातातली किटली तशीच राहिली. सरांनी कडं वर उचललं, उलटं केलं, चष्मा कपाळावर चढवून जवळून पाहिलं. काळ्या प्रत्येक बटणामागे आखीव, एकसारखा फुलीचा टाका. "हे लीलाचे टाके आहेत," ते पुटपुटले.

झालं होतं ते असं, हे आम्हाला नंतर कळलं. काकूंनी दह्याचं भांडं ठेवायला फ्रीज उघडला, तर यजमानांचं हे शिवणकाम दिसलं. अर्धी बटणं नुसती चिकटवलेली. उद्या चार लोकांत शोभा होईल म्हणून त्यांनी तूप खरवडून काढलं, काळी बटणं पक्की शिवली आणि ताजं तूप सारखं करून ठेवलं. पांढऱ्यांना आधीच दोरा दिसला म्हणून त्यांना हात लावला नाही. तो दोरा सरांचा होता.

मोठे सर काही वाईट माणूस नव्हते. बाहेरच्या बाईंसमोर विभागाचं हसं होऊ नये म्हणून त्यांनीच वाट काढून दिली. म्हणाले, "गजभिये, तुम्ही उलटं बोलून गेले असाल. काळी बांधलेली, पांढरी मोकळी. असंच ना?"

नुसतं हो म्हणायचं होतं. माझं सगळं त्या एका 'हो'वर अडलं होतं. मी मनातल्या मनात भंडाऱ्याच्या बँकेपर्यंत जाऊन आले. म्हणा सर, हो म्हणा, काय बिघडतं...

"नाही," सर म्हणाले. "पांढरीच बांधली होती मी. नाही टिकली."

मला त्यांचा इतका राग आला म्हणून सांगू. कशाला हवा होता हा हरिश्चंद्र माझ्या नशिबात?

परीक्षक बाई वाकल्या, पायाशी पडलेलं एक बटण उचललं, बराच वेळ बोटांत फिरवलं. "आणि खऱ्या पेशीतही तुम्ही म्हणता त्याच्या उलटंच निघालं, तर काय कराल?"

"मंग माहं चुकलं म्हणीन," सर म्हणाले. "मले काय वाटते ते सोडा, मॅडम. तूप गेल्यावर जाळीले काय लागून राहिलं, तेच खरं. आता ही काळी बटनं राहिली, तर यायले शिवलं कोणं, हे पाहावं लागन. पेशीतही तेच. दार जाळीसंग राहिलं, तर मधात टाका कशाचा आहे? ही पोरगी तो टाका शोधणार आहे."

बाईंनी मोठ्या सरांकडे पाहिलं. मोठ्या सरांनी पंख्याकडे. "विषय मंजूर करायला माझी हरकत नाही," बाई म्हणाल्या. "मात्र शिवायला तुम्ही बसू नका."

पुढची वर्षं प्रयोगशाळेच्या थंडगार खोलीत स्वेटर घालून गेली, बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना. आमचा टाका सापडला. दार आणि जाळी यांच्या मधे एक प्रथिन बसलेलं असतं आणि ते दोघांना धरून ठेवतं. पण आम्ही ते लिहायला बसलो तोवर परदेशातल्या लोकांनी ते केव्हाच छापून टाकलं होतं, आणि आमच्या वाचनालयात तो अंक जहाजानं सावकाश येत होता. मी दोन दिवस जेवले नाही. सरांनी पेढे वाटले. "अवं, आपलं खरं निघालं. त्यायनं आधी सांगितलं, एवढंच तं झालं." पदवी मला मिळाली. भंडाऱ्याच्या मुलाचंही भलं झालं.

गेल्या रविवारी काकूंकडे गेले होते. त्या सरांचे कपडे काढून बसल्या होत्या, बुद्धविहारात द्यायला. एक निळा, विटका शर्ट बाजूला ठेवलेला होता. "हा नाही देत," काकू म्हणाल्या. "कमिटी झाली अन् यायनं हट्टच धरला. मले टाका शिकव म्हणे. माह्या पुढं बसून शिकले, बोटं टोचून घेतली. तवापासून सोताच्या शर्टाचं बटन मले कधी लावू देलं नाही."

मी शर्ट हातात घेतला. मधलं बटण जरा तिरकं होतं, आणि त्याच्यामागे दोऱ्याचा हा एवढा गोळा. सरांचंच काम. मी ते चिमटीत धरून ओढून पाहिलं. पुन्हा एकदा, जरा जोरात. डोळे भरून आले होते, त्यामुळे काकूंकडे बघता येईना.

"ओढू नको वं, सुनंदा," काकू म्हणाल्या. "शर्ट फाटन. बटन नाही निघत ते."