गुळाचं कौतुक

भांडुपला आमच्या सोसायटीच्या मागे पालिकेचं उद्यान आहे. तिथे सकाळी चालायला येणाऱ्या मंडळींनी मिळून साखर सोडायचं ठरवलं, तेव्हा मीही त्यांच्यात शिरलो. हौस म्हणून नाही. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, रक्तातली साखर खाली आणा, मग ऑपरेशन.

माझं नळ-फिटिंगचं दुकान आहे. कोकणातून आलो तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात माल उचलायचो, आज गल्ल्यावर मी बसतो. हा धंदा डोळ्यांवर चालतो. गिऱ्हाईक ‘महाग आहे’ म्हणतं ते नुसतं तोंडाने की मनापासून, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. दिसलं की मी अडून बसतो किंवा सोडून देतो. त्या दिवसांत समोरचा माणूस दुधावरच्या सायीतून बघावा तसा दिसायचा. एका बिल्डरचा माणूस मला व्यवस्थित बनवून गेला आणि ते मला तो गेल्यावर कळलं. आयुष्यात पहिल्यांदा. तेव्हा ऑपरेशन मला हवंच होतं.

उद्यानातल्या ग्रुपचा म्होरक्या एक निवृत्त विमा अधिकारी. सगळे त्याला सर म्हणत. चालणं झालं की गोल करून उभं राहायचं, काल आपण काय खाल्लं नाही ते प्रत्येकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. ‘मी श्रीखंडाला नाही म्हटलं.’ टाळ्या. ‘मी लग्नाला गेले आणि नुसत्या पुऱ्या खाल्ल्या.’ त्यालाही टाळ्या. मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये ताटाचा फोटो टाकायचा, तोही जेवायला बसण्याआधी. जेवण संपेपर्यंत त्या ताटात आणखी काय येऊन गेलं, हे विचारायची रीत नव्हती.

आणि ज्याचं वजन उतरेल त्याने सगळ्यांना काहीतरी पौष्टिक खाऊ घालायचं. वजन कोणाचं ना कोणाचं उतरायचंच; नाहीच उतरलं तर वाढदिवस असायचा. खजुराचे लाडू यायचे, गुळपापडी यायची, नाचणीत मध कालवून केलेलं काहीतरी यायचं. साखर सोडली होती ना सगळ्यांनी.

“गूळ म्हणजे साखर नव्हे,” सर डबा पुढे करत म्हणायचे. “गूळ नैसर्गिक. घ्या. एकट्याने सोडून सुटत नाही, सगळ्यांनी मिळून सोडावं लागतं.”

नको म्हटलं तर लाडू करणारी बाई तोंड पाडायची, “माझ्या हातचं चालत नाही का तुम्हाला?” मग तिचं मन राखायला एक, आणि तिच्या शेजारणीला वाईट वाटू नये म्हणून तिचा एक. मुंबईत माणसं शेजाऱ्याचं घर पेटलं तरी आधी आपली गाडी बाजूला घेतात, पण लाडू खायला घालताना त्यांचा जिव्हाळा उतू जातो.

ऑपरेशनच्या आधीची तपासणी झाली. साखर पहिल्यापेक्षा वर.

“खाता काय?” डॉक्टरांनी विचारलं.

“साखरेचा कणसुद्धा नाही. गूळ, मध, खजूर, एवढंच.”

“गूळ खायला कोणी सांगितलं?”

“आमच्या सरांनी.”

“कसले डॉक्टर आहेत ते?”

“विम्यात होते.”

डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली.

दुसऱ्या दिवशी त्या गोलात मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. लिहिण्यासारखं तेवढं सांगतो. तुमच्या टाळ्यांनी माझा डोळा चाललाय, असं म्हणालो. सर हसले. “निगेटिव्ह बोलू नका. आपण इथे एकमेकांना उभारी द्यायला येतो.” घरी पोचेपर्यंत मला ग्रुपमधून काढलेलं होतं. त्या गोलातल्या एकानेही फोन करून विचारलं नाही की बाबा, ऑपरेशनचं काय झालं. ही गोष्ट मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

संध्याकाळी बेल वाजली. दारात समोरच्या फ्लॅटवाला. हा मूळ अकोल्याकडचा, पालिकेतून निवृत्त झालेला. चपलांच्या रॅकवरून आमची जुंपली होती आणि तेव्हापासून आम्ही बोलत नव्हतो. त्या गोलात तोही उभा असायचा, पण बरोबर माझ्या समोरच्या टोकाला.

“काऊन एवढा ओरडून राह्यला होता सकाळी?” तो म्हणाला.

“तुला काय करायचंय?”

“माही पण शुगर वाढली ना बाप्पा. मी घाबरून बोललो नाही. तू बोलला.”

“मग आता टाळ्या वाजवायला आलास?”

“नाही. सौदा करायला आलो.”

त्या शब्दावर मी त्याला आत घेतलं.

माझा शत्रू भात. कोकणी माणसाला तिन्ही त्रिकाळ भात लागतो आणि आमच्या घरात ज्वारीची भाकरी कोणाच्या हाताला वळत नाही. वळलीच तर तव्यावर नकाशा होतो. त्याच्या घरी भाकरी उत्तम, पण कालवण म्हणजे पिठलं नाहीतर पिठलं, आणि त्याला वेड आमच्या बांगड्याच्या तिखल्याचं. त्याचा वास बोलणं बंद असतानाही त्याच्या घरात जात होताच. ठरलं असं: भाकऱ्या तिकडून इकडे, तिखलं इकडून तिकडे. मी म्हटलं, तिखल्याला जिन्नस जास्त लागतात, तेव्हा भाकरीबरोबर भाजीही हवी. तो म्हणाला, भाकरीला मेहनत जास्त. घासाघीस करून एका पालेभाजीवर सौदा पटला. आणि एक अट मी घातली, कौतुक करायचं नाही. त्यानेही नाही, मीही नाही.

कौतुकाची वेळ आली नाहीच. आमच्याकडे कुकर वाजला की हा समोरून दार उघडायचा. “डाळ की भात?” डाळ म्हटलं तर झाकण उघडून दाखवायला लावायचा. मीही सोडत नव्हतो. खाली टपरीवर तो चहा घेताना दिसला की त्याच्या हातातला ग्लास काढून मी एक घोट घ्यायचो. गोड लागला तर चारचौघांत त्याची काढायचो, “पेन्शन खातोस ती कमी पडते काय रे, साखरही खातोस?” तो माझ्या पोटावर बोलायचा, मी त्याच्या टकलावर. टपरीवाल्याला वाटायचं, आता हातघाईवर येणार. बायका म्हणायच्या, नव्हते बोलत तेच बरं होतं. पण शेवटी तो बिनसाखरेचा चहा प्यायला लागला, कारण मला जिंकू द्यायचं नव्हतं. भात मी त्याच कारणाने सोडला.

पुढच्या तपासणीत माझी साखर डॉक्टरांना हवी तेवढी खाली आली. ऑपरेशन ठरलं. ही बातमी उद्यानात कशी गेली कोणास ठाऊक, पण सर फुलं घेऊन दारात हजर. म्हणाले, “ग्रुपचं यश आहे हे. एकदा येऊन सगळ्यांना तुमचा अनुभव सांगा ना.” मी म्हटलं, “सांगतो. पण मागच्या वेळी बोललो तेच पहिल्यापासून सांगतो.” फुलं त्यांनी परत नेली. बहुतेक दुसऱ्या कोणाचं वजन उतरलं असावं.

ते लिफ्टमध्ये शिरले तरी समोरचा आपल्या दारात उभाच होता. त्याची साखर थोडी उतरली होती, पुरती नाही. नेहमीसारखा टोमणा येईल म्हणून मी थांबलो. आला नाही.

“झालं मग तुझं,” तो म्हणाला. “आता भात सुरू करशील.”

“दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू आहे,” मी म्हटलं. “तो पिकायचाय अजून. वर्ष जाईल, दोन जातील.”

तो दारातून एक पाऊल पुढे आला. मग म्हणाला, “मंग तिखल्यात बांगडे वाढव. मागच्या खेपेला नुसते डोक्याचेच तुकडे होते.”

“आधी भाकरी मोठी कर,” मी म्हटलं, आणि तिथेच, दोन दारांच्या मधे, आमची नव्याने घासाघीस सुरू झाली.