सुट्टी कधीही मिळो

शिवणकाम करणाऱ्या काकूंचा नवरा बोटीवर कामाला. वसंतात तो घरी येणार हे पक्कं, पण लवकर की उशिरा, ते कंपनीलाच ठाऊक.

नर्सरीतला नवा माळी नुसते ट्युलिपचे कंद त्यांच्या गळ्यात मारायला बघत होता. "सगळे एकदम फुलले, की डोळ्यांचं पारणं फिटेल!"

"आणि पंधरा दिवसांनी अंगण ओसाड!" काकूंनी ठणकावलं. "डॅफोडिल द्या, ते आधी फुलतील. मग ट्युलिप. शेवटाला माझे गुलाब आहेतच."

नवरा यंदा अगदी उशिरा आला. गुलाब बघून फाटकातच छाती फुगवून म्हणाला, "मी यायचा अवकाश, बाग फुललीच! दरवर्षी!"

"तर काय, तुमचीच वाट बघत असते," म्हणत काकूंनी वाळलेल्या ट्युलिपांची टोपली हळूच पायाने दाराआड सरकवली.