ब्रेकबाईंची सतरा घरं

आमच्या भागात जो कोणी धड गाडी चालवतो, तो ब्रेकबाईंचा शिष्य. जो धड चालवत नाही, तोही त्यांचाच. फक्त कबूल करत नाही. बत्तीस वर्षं बाईंनी ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाशी वेगळा ब्रेक होता, पण त्याहून करकचून लागायची ती त्यांची जीभ. "आरसा काय भांग पाडायला दिलाय?" हे भर चौकात ऐकून घेतलेले मुख्याध्यापक आजही तो चौक टाळतात.

बाईंचा नियम एकच. चूक जिथे झाली, तिथेच परत जाऊन ती सुधारायची. वळण चुकलं की "पुढचं नीट घेतो" चालायचं नाही. गाडी फिरवा आणि त्याच कोपऱ्यावर या.

आता दोन-तीनच महिने हातात आहेत असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा बाई रडल्या-बिडल्या नाहीत. घरी येऊन पलंगावर टेकल्या, वही मागवली आणि सतरा घरांची यादी केली.

प्रकरण असं. बाईंचा मुलगा शाळेत विज्ञान शिकवतो. अकरा वर्षांपूर्वी त्याने चष्म्याच्या दुकानातल्या एका माणसाला घरी आणलं आणि आईला सरळ सांगितलं, "मी याच्याबरोबर जन्म काढणार आहे." बाईंनी त्याला ताट वाढलं, घरात घेतलं. पण बाहेर कोणी विचारलं की तोंडातून निघायचं, "वरच्या खोलीतला भाडेकरू." वरच्या खोलीत जुन्या टायरांची अशी चळत होती, की तिथे मांजरसुद्धा भाड्याने राहिलं नसतं.

आता बाईंच्या गोळ्या, पथ्यपाणी, पाठ चोळून देणं, सगळं चष्मेवालाच बघत होता. आणि लग्न होऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या ताईचा, म्हणजे बाईंच्या मुलीचा फोन आला. "आई, मी राहायला येते. पण माझ्या सासरची माणसं तुला भेटायला येतील. त्या भाडेकरूला तेवढे दिवस दुसरीकडे पाठवा."

लेकीसाठी बाईंचा जीव तुटत होता. पण तिच्या तोंडी तो शब्द त्यांनीच घातला होता.

"आई, ही काय मतदारयादी आहे?" मास्तर वैतागला. "घरोघर जाऊन काय सांगणार?"

"घरोघर खोटं सांगत फिरले, तेव्हा नाही अडवलंस ते!"

मास्तर शाळेत असायचा, म्हणून गाडी चष्मेवाला चालवायचा. रोज दोन घरं. बाईंना गाडीतून उतरणं झेपत नसे. तो हॉर्न वाजवायचा, माणूस खिडकीशी आला की बाई सुरू. "हा आमचा भाडेकरू नाही. माझ्या मुलाचा जोडीदार आहे. मी खोटं बोलले."

"अहो बाई, सगळ्यांना ठाऊक आहे!" औषधवाला म्हणाला.

"तुला ठाऊक असेल रे. मी सांगितलं नव्हतं ना!"

एका घरी तोंडावर दार आपटलं. बाईंनी वहीत त्या घरापुढेही खूण केली. "कानावर घातलं, संपलं. पटवून द्यायला मी वकील नाही."

नवव्या घरानंतर त्यांना मान धरवेना. चष्मेवाला हळूच म्हणाला, "बास आता, बाई. मला भाडेकरू म्हणवून घ्यायची सवय झालीय."

"तीच मोडायचीय. गिअर टाक."

सतरावं घर ताईचं. हॉर्न ऐकून ती धावतच खाली आली. "आई, अगं या अवस्थेत? वर चल."

"वर येत नाही. ऐक." बाईंनी तेच तीन वाक्यांत सांगितलं. मग म्हणाल्या, "तू ये राहायला. पण हा घरातच राहील. सासरच्यांनी विचारलं, तर तू हेच सांगायचं. जमत नसेल, तर येऊ नकोस."

शेवटचं वाक्य जड गेलं, पण त्यांनी ते मागे घेतलं नाही.

"म्हणजे मी नको तुला," म्हणत ताई जिना चढून निघून गेली.

"काढ गाडी," बाई म्हणाल्या.

चष्मेवाल्याने किल्ली काढून खिशात टाकली. "नाही काढत."

"माझ्याच गाडीत बसून मला नाही म्हणतोस?"

"ताईंनी वर दार लावून घेतल्याचा आवाज नाही आला. थांबू पाच मिनिटं."

पाचाची वीस झाली. बाई दात आवळून, डोळे मिटून बसल्या होत्या. शेवटी ताई बॅग घेऊन खाली आली, मागच्या सीटवर बसली. चष्मेवाल्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

वाटेत तिचा फोन वाजला. सासूबाई होत्या.

"हो, निघाले. घरी ना? आई आहे, भाऊ आहे, आणि..." बाईंनी डोळे उघडले. "आणि भावाचा जोडीदार. नाही हो, भाडेकरू नव्हताच तो. या तुम्ही, मग बोलू."

फोन पर्समध्ये टाकून ती खिडकीबाहेर बघत बसली. चढाला गाडी गुरगुरायला लागली, तशी मागून कडाडली, "अहो, खालचा गिअर टाका की! आईला धक्के बसताहेत."

"टाकतो, ताई," चष्मेवाला म्हणाला आणि त्याने टाकला.